तीन उपचार आणि एक कौल

डाव्या गालावरून वारा गेला तरी विजेचा झटका बसावा तशी कळ उठत असे. दाढेचं दुखणं समजून मी दोन चांगल्या दाढा काढून घेतल्या. कळ तशीच राहिली. हा चेहऱ्याच्या नसेचा आजार आहे हे रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी ओळखलं, तोवर आठ महिने गेले होते. गोळ्यांनी वर्षभर आराम पडला. मग कळ परतली. मात्रा वाढवली तर चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी पुढचे तीन मार्ग सांगितले: गालातून सुई घालून नस बधिर करणं, किरणोपचार, किंवा कानामागे कवटीला छोटं छिद्र पाडून शस्त्रक्रिया. कवटी म्हटल्यावर पुढचं मी ऐकलंच नाही. घास चावता येत नव्हता आणि निर्णयही होत नव्हता. गावच्या देवीवरही राग होता.

आमच्याकडे असा पेच पडला की ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी शस्त्रक्रियेचं विचारलं. अर्धा तास एकही पाकळी हलली नाही. गुरव म्हणाले, "आई आज घाईत नाय. बाहेर बस वायच."

सभामंडपात आपल्या कौलासाठी एक सत्तरीच्या बाई थांबल्या होत्या. ओळख ना पाळख, म्हणाल्या, "भर मे महिन्यात मफलर? डावा गाल ना?" मी मान हलवली. "दाढा किती काढल्यात?" मी दोन बोटं दाखवली. "मी तीन. हरलात!" हसताना मला कळ आली, तरी हसलो.

त्यांचं हृदय अधू, म्हणून त्यांना सुईच दिली होती. गाल थोडा बधिर राहिला, दुखणं थांबलं. "पण तुमचं तुम्ही बघा. एमआरआयमध्ये नसेवर रक्तवाहिनी टेकलेली दिसली का? असेल तर शस्त्रक्रियेत ती बाजूला करतात. विचारलंत डॉक्टरांना?"

मी विचारलं नव्हतं.

आत जाऊन मी गुरवांना पाकळ्या काढून कौल उतरवायला सांगितलं. डॉक्टरांनाच एक विचारायचं राहिलंय म्हणालो. "मग आईला कशाला ताटकळत ठेवलंस रे?" ते म्हणाले आणि अंगारा दिला.

डॉक्टरांनी एमआरआयवर बोट ठेवून टेकलेली रक्तवाहिनी दाखवली. तब्येत साथ देईल, शस्त्रक्रिया करता येईल, मात्र दुखणं पुन्हा उद्भवणारच नाही असं नाही, हेही सांगितलं. संमतीपत्रावर मी सही केली. भूल देण्याआधी हात जोडले, तेव्हा मागायचं काही सुचलं नाही. जे होईल ते देवीच्या हाती, एवढंच वाटलं, आणि बऱ्याच महिन्यांनी जबडा सैल पडला.

आता नसेला रक्तवाहिनीपासून दूर ठेवणारा स्पंजसारखा तुकडा माझ्या डोक्यात आहे. त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. कौल त्यांना काय मिळाला तेही ठाऊक नाही. रोज सकाळी गार पाण्याने तोंड धुतो. ओंजळ गालाला लागते, काही होत नाही, आणि मी क्षणभर तसाच उभा राहतो.