बुरुलकानने सोडवलेली गणितं

अत-बाशी गावच्या बालवाडीत बुरुलकान स्वयंपाक करायची. रडणारं पोर तिला बघवत नसे. एखाद्याने हुंदका दिला की ही हात पुसत चुलीपासून उठून बाहेर यायची, त्याला मांडीवर घ्यायची, भातातला मनुका काढून तोंडात घालायची. गावात तिला सगळे मायाळू म्हणत. ती होतीच तशी. त्या मायेत कुठे खोट आहे, हे तिला फार उशिरा कळलं.

तिची लेक आयझिरेक चौथीत गेली तेव्हापासून शाळेने गणिताचा गृहपाठ फोनवर द्यायला सुरुवात केली. गणित पडद्यावर यायचं, कोपऱ्यात घड्याळ पळायचं, तीन चुका झाल्या की सगळा धडा पुन्हा पहिल्यापासून. मध्येच नेट गेलं तरी पहिल्यापासून.

"अपा, बरोबर केलं तरी चूक म्हणतंय," लेक आईला म्हणाली.

बुरुलकानने पाहिलं. उत्तर खरंच बरोबर होतं. फक्त फोनला हव्या त्या पायऱ्यांनी काढलेलं नव्हतं. पालकांच्या ग्रुपवर तिने तसं लिहिलं. एका बापाने उत्तर दिलं, "आमच्याकडे रोज संध्याकाळी मयत झाल्यासारखी रडारड असते, तुम्ही पायऱ्यांचं काय घेऊन बसलात." बाईंनी लिहिलं, मुलांना स्वतः करू द्या.

त्या संध्याकाळी धडा चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू झाला आणि आयझिरेकने डोकं गुडघ्यांत घातलं. बुरुलकानने फोन ओढून घेतला. "आण इकडे. आजच्यापुरतं." आणि उत्तरं स्वतःच भरली.

आजच्यापुरतं म्हणून सुरू झालेलं कधी आजपुरतं राहतं का? शिवाय फोनला वाटलं, पोर हुशार आहे. तो आणखी अवघड गणितं देऊ लागला. आधीची रडत का होईना जमली असती, ही तर पोरीच्या आवाक्यातच नव्हती. मग करणार कोण? आईच. आयझिरेक शेजारी बसून मुकाट्याने चहात ब्रेड बुडवून खायची. रडणं थांबलं होतं. बुरुलकान नमाजाला बसली की उत्तरं आपण भरतो, तेवढं एक आठवायचं, आणि ती दुआ घाईने आटपायची.

वसंताची सुट्टी लागायच्या आधी शेजारची सोनुन-एजे दारात उभी राहिली. "सुयुंची दे आधी. रिकाम्या हाताने मी आनंदाची बातमी सांगत नसते."

"काय झालं, एजे?" खिम्याचं सारण भरून मंती वळता वळता बुरुलकानने विचारलं.

"पोर वर्गात पहिली. बाईंनी नावं टाकलीत ग्रुपवर. तू काय नुसते मंती वळत बसतेस?"

चांगली बातमी आणणाऱ्याला रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. बुरुलकानने नवा कोरा रुमाल काढून दिला. देताना तिची मान वर झाली नाही. सोनुनला तो विनय वाटला.

आतून सासूने, कालीपा-एनेने, ऐकलं होतंच. दुसऱ्या दिवशी कढईभर कणकेचे बोरसोक तळले, दस्तरखान अंथरलं, आणि बाता द्यायला गावातल्या थोर म्हाताऱ्या असानआली अक्सकालना बोलावलं. बाता म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. थोर माणसाने ओंजळ उघडून आशीर्वादाचे शब्द उच्चारले आणि सगळ्यांनी 'ओमिन' म्हणून तोंडावरून हात फिरवला, की तो शब्द अल्लाकडे गेला.

आयझिरेक आईच्या कानाशी आली. "अपा, खोट्यावर बाता लागतो का?"

 "गप बस," बुरुलकान म्हणाली.

अक्सकालनी ओंजळ उघडली. "या पोरीच्या हुशारीला..."

"आजोबा, थांबा," बुरुलकान म्हणाली. "तिला येत नाही ती गणितं. मी सोडवते. सगळी मीच सोडवली."

 सोनुनने उचललेला बोरसोक बशीत परत ठेवला. एने हळूच म्हणाली, "सुने, पाहुणे बसल्यावर आठवलं होय तुला?"

बुरुलकानचं ओझं उतरलं होतं, पण क्षणभरच. तिने पोरीकडे पाहिलं. आयझिरेकचे कान लाल झाले होते. अपराध आईचा, आणि 'येत नाही' हा शिक्का सगळ्या आळीसमोर लेकीच्या कपाळावर. काल घरात, एनेच्या कानात सांगता आलं नसतं का? स्वतः हलकं व्हायची एवढी घाई?

म्हाताऱ्याने ओंजळ मिटली नव्हती. "पोरी, तुला काहीतरी येत असेलच की. कुठपर्यंत येतं?"

आयझिरेक म्हणाली, "भागाकारापर्यंत. अपूर्णांक नाही येत."

"बरं. मग भागाकारापर्यंतचा बाता घे. पुढचा पुढे." त्यांनी शब्द म्हटले, आणि ओमिन झालं. बुरुलकाननेही हात वर केले, पण तोंडावरून फिरवताना ते तिला परक्याचे वाटले.

पाहुणे गेल्यावर ती लेकीपाशी बसली. "उद्या बाईंकडे मी येते बरोबर. सांगते त्यांना."

"तू नको बोलूस," आयझिरेक म्हणाली. "मी सांगेन."

सकाळी बुरुलकान शाळेच्या फाटकापर्यंत गेली. लेक एकटी आत गेली, मागे वळली नाही. बालवाडीत भात चढवायची वेळ होऊन गेली होती. ती तिथेच उभी राहिली, आणि अल्लाकडे पहिल्यांदाच तिने घाई न करता मागितलं ते हे, की पोरीला रडू आलं तरी मला आत जाऊ देऊ नकोस.