लस पाच तारखेची, चिप सात तारखेची

गुरुवार, ता. ७ मार्च. सकाळी साडेदहाला मास्तर व ठिगळ्यासह जनावरांच्या दवाखान्यात. मंगळवारी चिपा संपल्या होत्या, त्या आज आल्या. मानेच्या कातडीखाली सुईने चिप बसवली. ठिगळ्या रडला नाही, मास्तर रडले. परतताना पाव व सहा अंडी. स्वयंपाकघरातला दिवा उडाला.

ही नोंद मी केली नसती, तर पुढचे काही घडले नसते. पण पन्नास वर्षांहून जास्त काळ मी रोज डायरी लिहीत आले आहे. मुळात ती सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावली. घडले ते लिहायचे, चूक झाली तर एकाच सरळ रेषेने खोडायची, गिरवायची नाही, असा त्यांचा दंडक होता. मास्तर मला डायरीबाई म्हणत.

मास्तर म्हणजे आमच्या इमारतीखालचे शिंपी. तळमजल्यावर त्यांचे दुकान, दुकानामागे एक खोली. गळ्यात टेप असायची, पण ती शोभेला. माप ते नजरेनेच घेत आणि कधी लिहून ठेवत नसत.

"लिहून ठेवलेलं माप पुढच्या वर्षी खोटं पडतं," ते म्हणायचे. "तुमच्या मिस्टरांची कंबर तुमच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, बाई. दर वर्षी अर्धा इंच. म्हणून मी आत दोन बोटं कापड सोडून ठेवतो."

आमचे हे गेले, तेव्हा शेवटचा सूट मास्तरांनी शिवणी उसवून आत घेतला. आजारपणाने ह्यांचे अंग उतरले होते. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत आणि त्याविषयी कधी बोललेही नाहीत.

त्यांची बायको मुलगी लहान असतानाच वारली. मुलीला त्यांनी एकट्याने वाढवले, शिकवले आणि ती सीमेपलीकडच्या देशात लग्न करून गेली, तेव्हा तिच्या बॅगेला अस्तर लावून दिले. मागे राहिला ठिगळ्या. दुकानाबाहेर चिंध्यांचे पोते होते, त्यात एका सकाळी हे पिल्लू सापडले. पांढऱ्या अंगावर, पाठीवर काळा चौकोन, कुणी घाईत ठिगळ लावावे तसा. मशीन चालू झाले की तो पायाने दाबायच्या पायट्याशी येऊन मास्तरांच्या डाव्या पायावर डोके ठेवी. पाय वरखाली होई, तसे डोके वरखाली होई. अशी तेरा वर्षे गेली.

मग मास्तरांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी काळ्या कापडावरची काळी शिवण दिसेना, मग सुईचे नेढे. मी रोज सकाळी खाली जाऊन दहा सुयांत दोरा ओवून गादीत टोचून ठेवायची. एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाला एक बाही आखूड दिली. गिऱ्हाईक हसले, मास्तर दोन दिवस जेवले नाहीत.

मुलीने तिकडे डोळ्यांच्या ऑपरेशनची व्यवस्था केली आणि कायमचेच या म्हणाली. परवाना आला. एकतीस जुलैच्या आत तिकडे पोचायचे, नाही तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

"ठिगळ्या येत असेल तर येतो," मास्तर फोनवर म्हणाले. "नाही तर मला इथंच आंधळा होऊ दे."

"बाबा, कुत्रं आहे ते!"

"मग मी कोण आहे? तुझं पार्सल?"

मुलीने मला फोन केला. "काकू, त्यांना कागद समजत नाहीत. तुम्ही बघाल का?"

कागद म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणते! तिने पाठवलेल्या नियमांच्या पानाची मी प्रत काढून आणली. ओळख-नंबराची चिप हवी, रेबीजची लस हवी, लसीनंतर तीस दिवसांनी रक्ताची तपासणी, रक्त घेतल्यावर तीन महिने थांबायचे, प्रवासाआधी दहा दिवसांच्या आत डॉक्टरांचा दाखला. एकेका ओळीपुढे मी पेन्सिलीने चौकोन काढले. त्या पानाला मागची बाजूही होती. दुकानदाराने एकाच बाजूची प्रत काढली आणि जन्मभर प्रत्येक कागद उलटून पाहणाऱ्या मी तेवढा एक कागद उलटून पाहिला नाही.

पाच मार्चला लस झाली, सातला चिप. त्या संध्याकाळी ठिगळ्याची लसीची पुस्तिका डायरीशी ताडून पाहिली, तर डॉक्टरांनी चिपेपुढेही पाच मार्चच लिहिले होते. वरची तारीख पाहून हात तसाच पुढे गेला असणार. मी खाली गेले.

"दोन दिवसांनी काय बिघडतंय, बाई?" मास्तर म्हणाले. "शिवणीत दोन बोटं सोडावी लागतात."

"हा सरकारी कागद आहे, मास्तर. पँट नव्हे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून मी तारीख दुरुस्त करून घेतली. त्यांनी एका सरळ रेषेने पाच खोडले, सात लिहिले, सही केली. "तुमच्यासारखी आणखी एक बाई मिळाली, तर मी कारकून काढून टाकीन," ते हसून म्हणाले. मलाही बरे वाटले, हे कबूल करते.

एप्रिलमध्ये रक्त दिले, तपासणी उत्तम आली. मास्तरांनी प्रवासाचा पिंजरा आणला. कुत्र्याला आत उभे राहून वळता आले पाहिजे असा नियम होता, म्हणून मास्तरांनी ठिगळ्याची लांबी-उंची टेपने मोजली आणि दुकानाच्या टेबलावर खडूने लिहून ठेवली. त्यांनी माप लिहून ठेवलेले मी तेवढ्याच वेळी पाहिले. उरल्यासुरल्या कापडांची एक गादीही शिवली, चाचपडत, बोटाला दोनदा सुई टोचून घेऊन.

सोळा जुलैला आम्ही तिघे जनावरे परदेशी नेण्याच्या परवानगीच्या कार्यालयात गेलो. मी सगळ्या कागदांची हिरवी फाईल पुढे केली. टेबलामागची बाई सर्दीने बेजार होती. एका हातात रुमाल, दुसऱ्या हाताने पाने उलटत होती. पुस्तिकेवर तिचे बोट थांबले.

"ही चिपेची तारीख खोडलेली दिसते. खरी कुठली, पाच की सात?"

"सात," मी म्हटले. मास्तरांना विचारले होते, पण उत्तर मी दिले.

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिले, ठिगळ्याकडे पाहिले. "नीट आठवून सांगा, आजी. कधी कधी चुकतं माणूस. घाई नाही."

माझ्या आठवणीवर कुणी शंका घ्यावी! मी पिशवीतून डायरी काढली, सात मार्चचे पान उघडले आणि तिच्यापुढे ठेवले. तिने ते वाचले. पाव, अंडी, दिव्यापर्यंत सगळे वाचले.

"म्हणजे पक्की सात," ती हळू म्हणाली. "मग ही लस धरता येत नाही."

"का? लस तर दिलीय!"

"कुणाला?"

"याला. ठिगळ्याला. मी तिथेच होते."

"पाच तारखेला याच्या अंगात नंबर नव्हता, आजी. कागदाच्या हिशेबी ती लस कुठल्याही कुत्र्याला दिलेली असू शकते. चिप आधी, लस नंतर. मागच्या पानावर लिहिलंय." तिने कागद उलटून दाखवला. "लस पुन्हा, रक्त पुन्हा, तीन महिने पुन्हा."

ठिगळ्याचा पट्टा मास्तरांनी हाताला आणखी एक वेढा देऊन घेतला.

ते जाणारच नव्हते. मीच भरीस पाडले. "चार महिने मी सांभाळते," म्हटले. "या वेळी एक अक्षर चुकणार नाही. नोव्हेंबरात माणसाबरोबर पाठवते." अठ्ठावीस जुलैला टॅक्सी आली. मास्तर ठिगळ्याजवळ बसले आणि त्याच्या अंगावरून सावकाश हात फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, जसे कापड तपासावे तसे. मग म्हणाले, "मशीन वर घेऊन जा, बाई. त्याला लागतं."

ठिगळ्या दिवसातून दहादा जिना उतरून दुकानाचे बंद दार हुंगून येई. त्याच्यासाठी मी मागचे दार लोटूनच ठेवायची. कडी गंजली तरी लावायची वेळ येत नव्हती. पहिले नऊ दिवस तो माझ्याजवळ बसला नाही. दहाव्या दिवशी मी मशीनपाशी बसले आणि कापड न लावताच पायटा चालवला. तो आला. जरा उभा राहिला. मग माझ्या डाव्या पायावर डोके ठेवले. त्या दिवसापासून मी रोज एक तास काहीही न शिवता मशीन चालवत असे. रविवारी मास्तरांचा फोन आला की रिसीव्हर मशीनजवळ धरायचा.

"तेल घाला त्याला, करकरतंय," ते तिकडून सांगत. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग दुसऱ्याचे. "बाई, आता मला सुईचं नेढं दिसतं. ठिगळ्या आला की त्याची मिशी मोजणार आहे."

लस सतरा जुलैला, रक्त एकोणीस ऑगस्टला. सगळे ओळीने झाले. वीस नोव्हेंबरचे तिकीट निघाले. बारा तारखेला शेवटच्या दाखल्यासाठी मी त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी छातीला नळी लावली. मग पोट दाबून पाहिले. मग पुन्हा नळी.

"हृदय थकलंय. पोटात पाणी साठतंय. प्रवासाला योग्य असं मला लिहिता येणार नाही."

"लिहा ना, डॉक्टर."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "बाई, हे तुम्ही म्हणताय?"

"हो, मीच म्हणतेय. एका दिवसाचा प्रवास आहे. पलीकडे ते उभे असणार. लिहा योग्य म्हणून. मी कुठेही लिहून ठेवणार नाही."

"विमानात सामानाच्या कप्प्यात जाईल तो. एकटा, पिंजऱ्यात." त्यांनी टोपण पेनाला लावले आणि पेन खिशात ठेवले.

शुक्रवार, पंधरा तारीख. सकाळी आठला मशीनपाशी बसले. ठिगळ्या पिंजऱ्यातल्या गादीवरून उठून आला, दोनदा थांबत. डोके ठेवले. थोड्या वेळाने पायावरचा भार वाढला. मी पायटा थांबवला नाही. बराच वेळ थांबवला नाही.

दुपारी मास्तरांना फोन केला. सांगितले. पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला.

"पायावर होतं का डोकं?"

"हो. डाव्या."

"मशीन चालू होतं?"

"चालू होतं."

मग मी म्हटले, "मास्तर, त्या दिवशी त्या बाईने मला दोनदा विचारलं. मी पाच म्हटलं असतं, तर जुलैतच तो तुमच्याबरोबर आला असता. चार महिने तुमच्या पायाशी असता."

"मी तिथंच उभा होतो, बाई. मला काय तोंड नव्हतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगताय म्हणजे ते बरोबरच असणार, असं वाटलं." मग म्हणाले, "ठेवतो आता." त्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. त्यानंतरच्याही रविवारी नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी डायरी उघडली. तारीख घातली, वार घातला. सकाळविषयी एक ओळ लिहिली, ती एका सरळ रेषेने खोडली आणि खाली एवढेच लिहिले: मागच्या दाराच्या कडीला तेल घातले. दार आता पूर्ण लागते.