सातबाऱ्यावरचं नाव

करोनाच्या वर्षी मस्कतच्या कुरुम भागातल्या आमच्या ऑफिसने पगार निम्मा केला. त्याच पावसाळ्यात गावाकडे सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली. कोकणातलं आमचं शेत मी मस्कतच्या पगारातून घेतलं होतं, म्हणून सातबाऱ्यावर नाव माझं. कसत होता माझा थोरला भाऊ. मी तर तिथल्या चिखलात कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

एका सकाळी दादाच्या नंबरवरून फोन आला. बोलत होता नवीनच आलेला तलाठी. मदतीच्या यादीची पडताळणी करायला तो आमच्या बांधावर उभा होता.

"शेती स्वतः करता का?" त्याने विचारलं.

खिडकीबाहेर बोडके, करडे डोंगर तापत होते. नाही म्हटलं तर यादीतून नाव जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हो, मीच करतो," मी म्हणालो. वर अगदी ठासून म्हणालो, याची आजही चीड येते.

तलाठ्याने फोन दादाच्या हातात दिला. स्पीकर पहिल्यापासून चालूच होता.

"बरं, ठेवतो," दादा म्हणाला. "चिखलणी अर्धी राहिलीय."