आतून ऐकलेली किल्ली

माझा दादा किल्ल्या बनवतो. चौकातल्या एका जिन्याखाली त्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक माणूस, एक कानस आणि भिंतभर लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच तिथे मावतं. गिऱ्हाईक म्हणालं, "जरा घाई आहे हो," की हा मुद्दाम कानस खाली ठेवून चहा मागवतो. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा आमच्या घराण्याचा रोगच आहे. मला तो नाही असं मी म्हणते, बाकी कुणी म्हणत नाही.

दादाला एकच मुलगी, टिल्ली. शाळा सुटली की दप्तर फेकून दुकानात येऊन बसायची. किल्लीचे दात मोजता यायला लागले तेव्हा तिला पाढेसुद्धा येत नव्हते. मोठी झाली आणि तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं. तेवढं दादाने कसंबसं गिळलं असतं. पण मुलगा काय करतो? तर बोट टेकवलं की उघडतात ती कुलपं विकतो. किल्ली म्हणून नाहीच! टिल्लीने हे भर दुकानात सांगितलं आणि समोर उभं असलेलं एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याच्याशी लग्न करायचं तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही," म्हणाला. पोरगी त्याचीच. गेली. आणि त्याच संध्याकाळी दादाने घराच्या दाराचं कुलूप काढून दुसरं बसवलं.

वहिनी भांडली नाही. तिने त्या दिवसापासून घरात टिल्लीचं नावच काढलं नाही, आणि ते भांडणापेक्षा वाईट होतं. भाजीत मीठ कमी पडलं तरी पूर्वी ती अर्धा तास बोलायची.

मी आमच्या मैत्री मंडळाची चिटणीस. टपाल खात्यातून सुटले आणि या उद्योगात पडले. परदेशातल्या अशाच मंडळांचे लोक आमच्याकडे येतात, हॉटेलात नाही, सभासदांच्या घरी राहतात, आणि मग आम्ही त्यांच्याकडे जातो. घरात रिकामी खोली असणारे सभासद मिळता मिळत नाहीत. दादाकडे खोली रिकामी होती. मी विचारलं तेव्हा तो नाही म्हणायच्या आधी वहिनी हो म्हणाली. माणसांचा आवाज हवा होता तिला, दुसरं काय.

आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की यजमानाने पहिल्यांदा घराची किल्ली त्याच्या हातात द्यायची. पाणी नंतर. बाकीचे सभासद कुठून तरी जुनी, गंजकी किल्ली शोधून देतात. दादा प्रत्येक पाहुण्यासाठी नवी किल्ली कापायचा, तिला रंगीत दोरा बांधायचा आणि जाताना परत घ्यायचा नाही. "असू द्या. पुन्हा याल तेव्हा घंटी वाजवायला नको." शिक्षिका आल्या, एक नर्स आली, एक म्हातारं जोडपं आलं. सगळे टिल्लीच्या पलंगावर झोपले आणि किल्ल्या घेऊन गेले. एकदा जेवताना वहिनी ताटाकडे बघत म्हणाली, "कुठल्या कुठल्या देशात आपल्या दाराची किल्ली आहे नाही?" पुढचं ती बोलली नाही. दादा अर्ध्या ताटावरून उठला.

मग आमची जायची पाळी आली. वहिनीचे गुडघे धड नव्हते, म्हणून दादा एकटाच माझ्याबरोबर आला. त्याने बॅगेत कपडे कमी आणि हत्यारं जास्त भरली होती. विमानतळावर त्या लोकांनी एकेक कानस बाहेर काढून पाहिली आणि मी कपाळाला हात लावून बसले. "यजमानाला काय द्यायचं मग, फुलं?" दादा माझ्यावरच खेकसला.

त्याचा यजमान होता एक म्हातारा बेकरीवाला. बायको गेलेली, धंदा सोडलेला, पण अजून पहाटे उठून पाव भाजायचा आणि शेजारपाजारच्यांना वाटायचा. मी दोन घरं पलीकडे, तिथल्या मंडळाच्या भूगोलाच्या बाईंकडे उतरले होते. त्यांना आणि मला तोडकंमोडकं इंग्रजी यायचं, तेव्हा दुभाष्याचं काम आमच्या दोघींच्या गळ्यात. बेकरीवाला आणि दादा मात्र आपापल्या भाषेत बिनधास्त बोलायचे. एक पिठाविषयी बोलायचा, दुसरा पितळेविषयी, आणि दोघेही माना डोलवायचे.

पण पहिल्याच दिवशी दादा हिरमुसला. बेकरीवाल्याने त्याला किल्ली दिली नाही. दादा उंबऱ्यात हात पुढे करून उभा, आणि म्हाताऱ्याने आपलं दार ढकलून दाखवलं. दार नुसतं लोटलेलं. वाऱ्याने उघडू नये म्हणून खाली एक वीट. कुलूप होतं, पण त्याला जीभ नव्हती. जीभ म्हणजे किल्ली फिरवली की चौकटीत शिरते ती पट्टी.

"बिचाऱ्याला दुरुस्त करून द्यायला कुणी नाही," दादा मला म्हणाला. त्याला रात्री झोप येईना. जन्मभर कुलपं केलेला माणूस, उघड्या दाराच्या घरात कसा झोपणार? आणि एके दिवशी चहाचा चमचा शोधताना त्याला स्वयंपाकघराच्या खणात ती जीभ सापडली. चमच्यांमध्ये पडलेली, धड, न मोडलेली. दादाला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मला बोलावून दाखवली. "निसटून पडली असेल आणि म्हाताऱ्याला कळलं नसेल ही कशाची." मीही म्हटलं, असेल बाई.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मंडळाचं निरोपाचं जेवण होतं. बेकरीवाला पाव घेऊन आधीच तिकडे गेला. दादाने मागे राहून कुलूप खोललं, जीभ बसवली, कोऱ्या किल्लीला मेणबत्तीची काजळी धरून दात कापले. दाराला किल्ली लावली, दोनदा फिरवून पाहिली, वीट उचलून बागेत टाकली, आणि हात धुऊन जेवायला आला. चेहरा नुसता फुललेला.

भाषणं झाल्यावर तो उठला. सगळ्यांसमोर बेकरीवाल्याच्या हातात किल्ली ठेवली, लाल दोरा बांधलेली. "आमच्याकडे यजमान पाहुण्याला किल्ली देतो," म्हणाला, "इथे पाहुण्याने यजमानाला दिली." मी भाषांतर केलं, बाईंनी पुढे केलं, टाळ्या पडल्या. बेकरीवाला किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने बाईंना काहीतरी विचारलं, आणि बाईंचा चेहरा उतरला.

"हा विचारतोय, दार आत्ता बंद आहे का?"

"मग? पक्कं बंद!" दादा म्हणाला.

म्हातारा टोपीसुद्धा न घेता निघाला. बाईंनी चालता चालता मला सांगितलं ते असं. बेकरीवाल्याला एक धाकटा भाऊ. दारूच्या नादी लागलेला, कुठे राहतो कुणाला ठाऊक नाही. महिन्यामहिन्यांनी उगवतो, येतो, झोपतो, पोटभर पाव खातो, आणि जाताना घरातलं काहीतरी उचलून नेतो. रेडिओ गेला, चांदीचे चमचे गेले, बायकोच्या मागे राहिलेली शाल गेली. किल्ली दिली तर हरवतो. दार बंद दिसलं तर घंटी वाजवत नाही, परत फिरतो. म्हणून म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने कुलपाची जीभ काढून ठेवली होती.

"आणि चोरी?" मी विचारलं.

"तो म्हणतो, नेईना का. येतो तरी."

मी हे दादाला मराठीत सांगितलं. तो रस्त्यातच थांबला.

दारात शेजारीण उभी होती. काय झालं असेल ते तिच्या तोंडावरच दिसत होतं. भाऊ आला होता, तासाभरापूर्वी. दार ढकललं, पुन्हा ढकललं, हसला आणि गेला. बेकरीवाला दादावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता दादाचा दंड थोपटला आणि भावाला शोधायला निघाला. आम्ही मागोमाग. त्या देशात उन्हाळ्यात संध्याकाळ संपता संपत नाही. बस स्टँड पाहिला, दारूचे गुत्ते पाहिले, पुलाखाली पाहिलं. म्हातारा प्रत्येक ठिकाणी भावाला हाक मारायचा आणि थोडा वेळ वाट बघायचा.

पुलाच्या कठड्याशी दादा मटकन खाली बसला. मी म्हटलं, "अरे, तुला काय माहीत होतं? चांगल्या मनानेच केलंस ना?"

"गप बस," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "टिल्ली आली होती."

"कधी?"

"गेली त्याच आठवड्यात. तुझी वहिनी बाजारात होती. मी आत होतो. किल्ली घातलेली ऐकली मी. तिची किल्ली मी ओळखतो, मीच कापलीये. एकदा घातली. काढली, पुसली असावी, पुन्हा घातली. तिला वाटलं कुलूप अडकलंय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग कळलं तिला. जिना उतरताना रडत होती. मी चार पावलांवर बसलो होतो गं. उठलो नाही."

मला इतका राग आला की काय सांगू. एवढी वर्षं वहिनी समजत होती, पोरीने एकदासुद्धा घराकडे वळून पाहिलं नाही. मी त्याला तिथेच सांगितलं, तू माणूस आहेस की कुलूप?

भाऊ सापडला नाही. घरी येऊन दादाने जीभ परत काढली आणि चमच्यांमध्ये ठेवली. बागेतली वीट शोधून आणली, पुसली, दाराला लावली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. बेकरीवाल्याने त्याला प्रवासासाठी पाव बांधून दिला. दादाने तो विमानात खाल्ला नाही, घरापर्यंत तसाच आणला.

घरी आल्यावर मला वाटलं, आता हा लगेच काही करेल. कसलं काय! दुकान उघडायचा, बंद करायचा. मला रोज विचारायचा, "बाईंचा काही निरोप?" नव्हता. मी वहिनीला सगळं सांगून टाकायला निघाले होते, पण तो म्हणाला, "मी सांगेन. थोडं थांब." हट्टी माणसाला थांब म्हणायला काय जातं.

आणि एका दुपारी बाईंनी पाठवलेला एक फोटो आला. मी फोन घेऊन तशीच त्याच्या घरी गेले. फोटोत बेकरीवाला स्वयंपाकघरात उभा, हात भिंतीकडे केलेला. तिथे एक मोठं घड्याळ असायचं. आता भिंतीवर नुसता फिकट गोल डाग. आणि म्हातारा तोंडभर हसत होता.

दादाने फोन डोळ्यांजवळ नेला. "घड्याळ गेलं!" तो ओरडला. "अगं, घड्याळ नेलं त्याने! आला होता!"

वहिनी हात पुसत बाहेर आली. "एखाद्याच्या घरी चोरी झाली, त्यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?"

तेव्हा दादाने तिला सांगितलं. पुलावर मला सांगितलं होतं तेच, एकही शब्द न गाळता. वहिनी ऐकत गेली. मला वाटलं, आता भांडं फेकेल. तिने फेकलं नाही. म्हणाली, "तुम्ही ऐकलंत. आणि मला सांगितलं नाहीत." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दादा दुकानात गेला आणि जुनं कुलूप घेऊन आला. टाकलेलं नव्हतं त्याने. सगळ्यात खालच्या खणात, तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवलेलं. त्याने दाराचं नवं कुलूप काढलं आणि हे बसवलं. म्हणजे देशोदेशीच्या पाहुण्यांच्या किल्ल्या एका दुपारी बाद. त्या सगळ्यांना कळवायचं काम अर्थातच चिटणीसबाईंचं. कळवते म्हटलं, मरू दे.

टिल्लीला फोन वहिनीने केला. रडली नाही, चौकशी केली नाही. एवढंच विचारलं, "तुझी किल्ली आहे का गं?" पलीकडून काय उत्तर आलं ते तिने आम्हाला सांगितलं नाही, पण रविवारी येणार, एवढं कळलं.

रविवारी मीही जाऊन बसले. दादाने दाराला आतून कुलूप लावलं आणि खुर्चीत बसला. जिन्यावर पावलं वाजली. दोघांची. वहिनी उठली.

"कुणी उठायचं नाही," दादा म्हणाला.

"अहो, पोरगी बाहेर उभी आहे!"

"तिला उघडू दे."

बाहेर सगळं शांत झालं. घंटी वाजली नाही. वहिनीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या मला रुतल्या. मग किल्ली कुलपात शिरल्याचा आवाज आला. थांबली. दादाचे ओठ हलत होते. आणि किल्ली फिरली.

टिल्ली दारात उभी राहिली, किल्ली अजून हातातच. तिने बापाकडे पाहिलं, किल्लीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. वहिनीने तिला ओढून छातीशी घेतलं. दादा त्या दोघींच्या बाजूने पुढे गेला. मागे तो बोटाची कुलपं विकणारा उभा होता, मिठाईचा पुडा घेऊन, उंबऱ्याच्या पलीकडे, आत यावं की न यावं अशा पेचात. दादाने खिशात हात घातला. रंगीत दोरा बांधलेली नवी किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"आमचं दार बोटाने उघडत नाही," तो म्हणाला. "ही घ्या. आत या, पाणी देतो."