दुसऱ्या बाजूनं बघणारे सर

सर जेवायला बसले की ताटातली भाकरी आधी उलटी करत, मागची बाजू बघत आणि मगच तुकडा मोडत. बोलण्यातही तसंच. कुणी काही म्हणालं की त्यांचं ठरलेलं, "हे झालं. आता दुसऱ्या बाजूनं बघा." असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. गप्पांना बरा, भांडणात काही कामाचा नाही, असं मला तेव्हा वाटे.

लातूरला शिकवण्यांच्या गल्लीत माझी मेस. सर मास्तर होऊ घातलेल्या पोरापोरींना मानसशास्त्र शिकवत आणि दुपारी एकला जेवायला येत. माझं शिक्षण चौथी. त्यांचा विषय मला कळायचं कारण नव्हतं, पण माझ्या घराला त्याची गरज होती.

गरज म्हणजे माझा लेक. भूकंपात घर पडलं तेव्हा तो अकरा वर्षांचा. दगडमातीच्या ढिगात बापाच्या प्रेताखाली दुपारपर्यंत अडकला होता. काढला तेव्हा रडलाही नाही. मोठा झाला, लग्न झालं आणि बायकोला, सुरेखाला, मारायला लागला. पट्ट्यानं, चिमट्यानं, हाताला येईल त्यानं. एकदा तापल्या तव्यावर तिचा हात दाबला. त्या दिवशी साठ भाकऱ्या मी एकटीनं थापल्या आणि वर तिलाच बोल लावला.

एका दुपारी सरांना घरातलं सगळं सांगून विचारलं, "सर, मानूस असा का व्हतो?"

सरांना आनंदच झाला. त्यांनी ताटापुढं चार वाट्या मांडल्या. "मावशी, मोठमोठ्या लोकांनी यावर डोकं लावलंय, आणि एकाचं दुसऱ्याला पटत नाही. पहिला म्हणतो, लहानपणी जे आत दबलं तेच मोठेपणी बाहेर येतं. दुसरा म्हणतो, आतबित काही नाही, माणूस म्हणजे सवय. मारलं की ताट लगेच पुढं येतं, मग हात तेच शिकतो. तिसरा म्हणतो, कुणी जन्माचाच तापट, कुणी थंड, फार काही बदलत नाही. चौथा म्हणतो, माणूस मुळात चांगला, माया मिळाली की उमलतो."

"आन् खरा कोन?"

"प्रत्येकाची एक बाजू आहे."

"म्हंजे तुमाला बी ठावं न्हाई."

सर हसले. "हाव, तसंही म्हणता येईल."

मला पहिला पटला. त्यात माझ्या लेकाचा दोष नव्हता. दुसरा अजिबात पटला नाही, कारण ताट मीच वाढत होते.

पुढच्याच आठवड्यात, वीस-पंचवीस पोरं जेवत असताना, वरणात मीठ जास्त पडलं. लेकानं सुरेखाचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. कपाळ फुटलं, रक्त पिठाच्या परातीत पडलं. पोरं हातातले घास हातात धरून बसली. मी म्हणाले, "आरं, पोरं जेवायलीत." एवढंच म्हणाले.

सर उठून मध्ये गेले. काडीसारखा माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. लेकानं वरवंटा उचलला. तो सुरेखाच्या डोक्यात बसणार होता, सरांनी हात आडवा घातला. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

तेव्हा कुठं पोरं उठली. चौघं त्याच्या छातीवर बसली. खाली दाबलेला माझा लेक अकरा वर्षांच्या आवाजात ओरडला, "दगड काढा! माय, दगड काढ!"

दवाखान्यात पोलिसांचा जमादार आला. मी सरांचे पाय धरले. "सर, तुमी ऐकलंत न्हवं? दगड काढा म्हनला. सांगा ना ह्यांना दुसरी बाजू."

"ऐकलं," सर म्हणाले. वेदनेनं त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी, ते त्याला बरं करताना लागेल. आज हिला जगवायचंय."

"मास्तर, कारन काय लिवू?" जमादारानं विचारलं.

"कारण लिहू नका. त्यानं तिला मारलं, मला मारलं. एवढं लिहा."

जमादार माझ्याकडं वळला. "मावशे, तू बघितलंस का?"

सुरेखा कपाळाला पदर दाबून बसली होती. माझ्याकडं बघतही नव्हती. मी काय बोलणार हे तिला पाठ होतं.

"बघितलं," मी म्हणाले. "आजचं बी आन् रोजचं बी."

सही मला येते. केली.

लेक आत गेला. सुटला तो थेट जेवणाच्या वेळी येऊन बसला. "माय, वाढ." मी वाढलं नाही. त्यानं माझ्या दोन थोबाडीत दिल्या. ओठ फाटला. तरी वाढलं नाही. बराच वेळ बसला आणि उठून गेला. आता कुठं असतो, ठाऊक नाही. सुधारला का, तेही ठाऊक नाही.

सरांचा हात वाकडाच बसला. मग भाकरी डाव्या हातानं उलटत. सुरेखा मोडून द्यायला गेली की ताट मागं ओढत. पुढं ते नांदेडला शिकवायला गेले. गेल्या वर्षी वारले, तिकडून आलेल्या एका पोरीनं सांगितलं.

ते कळलं त्या दिवशी मी मेस बंद ठेवली नाही. पोरं उपाशी कुठं ठेवायची? फक्त टोपल्यातली वरची भाकरी उलटून पाहिली. मागून करपली होती.

"सुरेखा," म्हणलं, "जाळ कमी कर."