रॉकेटच्या खड्ड्याची लेव्हल

वॉशिंग मशिन दुरुस्त करणाऱ्या आमच्या मित्राला सगळे स्क्रू म्हणतात. काम संपलं की याच्या हातात एक तरी स्क्रू उरतोच, आणि मशिन तरीही झकास चालतं. "कंपनीनं जास्तीचा दिला होता," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो.

स्क्रूचा जिवलग म्हणजे रॉकेट. घरोघरी पार्सलं पोचवायचा. बेल वाजवून दार उघडायच्या आत जिना उतरलेला असायचा. शाळेपासून दोघं एकच गेम खेळत आले: टोपीवाला उंदीर पळवायचा, खड्ड्यांवरून उडवायचा. रॉकेट दरवेळी पहिल्याच खड्ड्यात, कारण काठ यायच्या आधीच साहेबांची उडी. मग शिव्या कंट्रोलरला. नाचता येईना अंगण वाकडं, आणि अंगणही स्वतःचंच.

गेल्या वर्षी रॉकेट आजारी पडला आणि जायचीही त्यानं घाईच केली.

त्यानंतर स्क्रूकडे स्क्रू उरेनासे झाले. सगळे जागच्या जागी, घट्ट. आम्हाला काळजीच वाटायला लागली.

मग एका दुपारी त्याचा फोन. "दुकानात ये. जरा खड्ड्यात पडायचंय."

त्या गेममध्ये खेळणाऱ्यांना आपापली लेव्हल बनवता येते. यानं बनवली होती रॉकेटची. त्याची गल्ली, तुटक्या पायरीचा जिना, उड्या मारायला पार्सलांचे खोके. शेवटी घराच्या दारात झाडू घेतलेली त्याची आई. उंदीर चपला घालून आत शिरला, की झाडूचा फटका आणि थेट गल्लीच्या तोंडाशी.

आणि तो खड्डा. वेळेवर उडी मारली की धपकन खाली. बरीच आधी मारली, तर हवेत न दिसणारी पायरी. हे सांगूनसुद्धा मी पडत राहिलो.

"नीट खेळायची सवय वाईट रे," स्क्रू म्हणाला.

ही लेव्हल त्याला सगळ्यांसाठी खुली करायची होती. पण आधी काकूंची, म्हणजे रॉकेटच्या आईची परवानगी हवी. "त्या म्हणाल्या, माझ्या पोराचा खेळ मांडलास, तर?" चालू मशिनमध्ये हात घालणारा माणूस, कपाळावर घाम.

रविवारी सकाळी गेलो. काकू मटार सोलत होत्या. स्क्रूनं लॅपटॉप उघडला आणि स्वतः छताकडे बघत बसला.

"हा आमचा जिना ना?" काकूंनी विचारलं. बोटानं एकेक पायरी मोजत त्या तुटक्या पायरीपर्यंत आल्या. मग, "ही झाडूवाली कोण?"

"तुम्ही," स्क्रू छतालाच म्हणाला.

"एवढी जाडी?"

"काकू, ते चौकोनांत काढायचं म्हटलं की जरा..."

"गप्प बस. बटण कुठलं?"

उंदीर निघाला. खड्डा अजून चांगला लांब होता आणि काकूंनी बटण दाबलं.

"काकू, आत्ता नाही!" मी ओरडलो. उंदीर हवेत, अदृश्य पायरीवर टक्क, आणि पलीकडे!

"काठापर्यंत कोण थांबणार?" काकू म्हणाल्या.

स्क्रूनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग तो असा फुटला की मटारांचं पातेलं आडवं. हसता हसता डोळे पुसतोय, पुसता पुसता मटार वेचतोय. तेवढ्यात काकूंनी चपलांसकट उंदीर घरात घुसवला. फटका!

"अगं बाई, मीच मला हाकललं!" त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. "सरका रे, उजेड अडवू नका."

मटार शेवटी आम्हीच सोलले. उठताना स्क्रूनं भीत भीत विचारलं, "मग... देऊ का सगळ्यांना?"

"दे की! त्याला असं घरात कोंडून ठेवतात होय? फक्त माझी कंबर बारीक कर."

कंबर बारीक झाली, लेव्हल खुली झाली. आता कुठले कुठले लोक कळवतात, 'पहिला खड्डा बिघडलाय.' स्क्रूचं उत्तर ठरलेलं: 'कंट्रोलर तपासा.'

काल तो आमचं मशिन दुरुस्त करून गेला. टेबलावर एक स्क्रू उरलाय. आईला म्हटलं, असू दे, कंपनीनं जास्तीचा दिला होता.