आफ्टर, ऑफ, अप आणि बापूचं बॅक

युसूफ मास्तरांचे किस्से आम्ही कधी मुद्दाम गोळा केले नाहीत. रानातून घरी यावं अन् धोतरभर कुसळं निघावीत, तसे ते निघतात. आता त्यांच्या वर्गातले आम्ही तिघं म्हातारे परळीत चहाला बसलो की एक काढायला जावं तर चार हाताशी येतात. चहावाला कावतो, "आबा, कप कवाच रिकामे झालेत, उठा की आता!" उठतंय कोण!

गोष्ट निजामाच्या राज्यातली. परळीला रेल्वे नुकतीच आलेली. शाळा सगळी उर्दूत, त्यात वरून इंग्रजी, अन् घरी मराठी. म्हणजे सकाळी एका भाषेत मार, दुपारी दुसऱ्या भाषेत, अन् संध्याकाळी आईच्या भाषेत! अपवाद फक्त युसूफ मास्तरांचा. त्यांनी कुणाला कधी छडी लावली नाही.

त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी होती. पहिल्या दिवशी म्हणाले, "अंग्रेजी में अकेला व्हर्ब किस काम का बे? गाडी एक बैल पे चलती क्या?" अन् प्रत्येकाला वर्षभरासाठी एकेक छोटा शब्द वाटून टाकला. मी आफ्टर. तेलगावचा गफ्फार ऑफ. रामा अप. दिंद्रुडचा बापू बॅक.

तास सुरू झाला की सगळा वर्ग उभा. मास्तर व्हर्ब म्हणायचे, "लुक!" ज्याचा शब्द त्याला जुळतो त्यानं ओरडायचं, "आफ्टर!" मग मास्तर अर्थ सांगायचे अन् तळहात सावकाश खाली आणायचे. म्हणजे तू बस. ज्याला जमलं नाही, तो घंटा होईपर्यंत उभा.

*

हे शब्द आम्हाला असे चिकटले की गल्लीतली पोरंसुद्धा मला 'आप्टर' म्हणू लागली. आईला ते काही सोसेना. पदर खोचून थेट शाळेत आली.

"मास्तर, बारशाला पोराचं नाव रघुनाथ ठिवलंय. सगळ्या गावाला जेवू घातलंय. अन् तुमी त्याला आप्टर कावून म्हणता?"

मास्तर खुर्चीवरून उठले, हात जोडले. "अम्मा, नाम आपने रखा. मैंने तो फकत काम दिया!"

आईनं खोचलेला पदर सोडला. घरी येताना मलाच म्हणाली, "मास्तर लई चांगला हाय. दिलेलं काम नीट कर."

*

सगळ्यात जास्त राबायचा रामा. गेट म्हटलं तरी अप, स्टँड म्हटलं तरी अप, गिव्ह, वेक, ग्रो, सगळीकडं अप! बिचारा घसा बसेपर्यंत ओरडायचा. शेवटी वैतागला.

"मास्तर, सगळा भार माझ्यावरच का? अन् तो मागचा 'विदाउट' बघा, तासाला एकदाच तोंड उघडतो!"

"ठीक है, आज तू विदाउट."

रामा खुशीत. पण मास्तरांच्या एकाही व्हर्बला विदाउट जुळेना. सगळे बसले, रामा उभा. पाय भरून आले, अन् मास्तर सावकाश पुढचा व्हर्ब शोधतायत! शेवटी रामा रडकुंडीला आला.

"मास्तर, पाया पडतो, माझं अप मला द्या!"

*

एकदा मास्तर म्हणाले, "रन!" मी लगेच, "आफ्टर!"

"बोलके नहीं, करके दिखाओ!" असं म्हणून मास्तरांनी शेरवानी सावरली अन् दाराबाहेर जी धूम ठोकली! आम्ही पोरं बोंबलत मागं. शाळेतून गल्लीत, गल्लीतून बाजारात. टोपी एका हातात, मास्तर पुढं अन् चाळीसेक पोरं मागं.

एका धिप्पाड कापसाच्या व्यापाऱ्याला वाटलं, काहीतरी मोठा गुन्हा झालाय. त्यानं मास्तरांना कमरेलाच धरलं. "थांब! चोर हाय का रं ह्यो?"

मास्तर धापा टाकत म्हणाले, "चोर नहीं सेठ, व्हर्ब है!"

*

हसायला येतं ना? आम्हालाही यायचं. फक्त बापूला यायचं नाही, कारण तो रोज उभा असायचा.

बाहेर आमच्याशी तो थोडंफार बोलायचा. बैलांशी तर भरपूर. पण वर्गात ओठ शिवल्यासारखे. मास्तर रोज शेवटी त्याच्याकडं वळायचे. "बापू, कम?" बापूचा घसा हलायचा, कपाळावर घाम यायचा, आवाज काही यायचा नाही. मग घंटा व्हायची. आम्ही चिडवलं तर मास्तर म्हणायचे, "बोलेंगा. मेरेको जल्दी नहीं."

जल्दी बापूच्या बापाला होती. त्यांची भाड्याची बैलगाडी होती. एक दिवस बाप शाळेत येऊन म्हणाला, "मास्तर, वरीस झालं, पोरगं एक शब्द बोलंना. कशाला ठिवायचं इथं? गाडीवर घालतो."

"शाळेची तपासणी होईस्तोवर थांबा," मास्तरांनी गळ घातली. "साहबके सामने एक बार बोलने दो, फिर तुमीच म्हणाल, शिकू द्या."

बाप कसाबसा कबूल झाला. त्या दिवसापासून आम्ही बापूला नदीवर नेऊन ओरडायला लावायचो. तिथं तो छान ओरडायचा.

*

तपासणीला मोठे साहेब आले. बापूचा बाप खिडकीबाहेर उभा. रामा अप ओरडला, गफ्फार ऑफ ओरडला, मी आफ्टर. साहेबांच्या कपाळावर आठी. एकेक करत सगळे बसले. राहिला बापू.

साहेब म्हणाले, "गिव्ह!"

 माझ्या तोंडात 'बॅक' येऊन बसलेला, पण दुसऱ्याचा शब्द म्हणायचा नाही, हा मास्तरांचा नियम. बापूचे ओठ हलले. आवाज आला नाही. बापानं खिडकीतून तोंड फिरवलं.

साहेब मास्तरांना एवढंच म्हणाले, "ये तमाशा है, पढाई नहीं."

मास्तरांचा तबादला झाला. लांब, तिकडं तेलंगणात. अन् बापू गाडीवर गेला. मला विचारलं त्यानं, "माझ्यामुळंच ना रं?" मी 'नाही' म्हणालो. 

*

मास्तरांची ट्रंक अन् वळकटी स्टेशनवर न्यायला गाडी आली ती बापूच्या बापाचीच. हाकायला बापू. रस्ताभर त्यानं मान वर केली नाही. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

आम्ही सगळे मागोमाग फलाटावर जमलो. रामा तर ढसाढसा रडत होता. बापू ट्रंक चढवून लांब मागं जाऊन उभा राहिला. गाडीबरोबर चालत आलेला त्याचा बाप बाहेर बैलांपाशी.

शिट्टी झाली. गाडी हलली. आम्ही 'गुडबाय, गुडबाय' करत हात हलवतोय, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बॅक!"

हमाल थबकले. आम्ही वळून बघतो तर बापू!  मास्तरांनी तर कुठलाच व्हर्ब म्हटला नव्हता!

खिडकीतून मास्तरांचा हात बाहेर आला. तळहात सावकाश, अगदी सावकाश, खाली गेला.

बापू होता तिथंच, फलाटाच्या फरशीवर, मांडी घालून बसला.

गाडी दिसेनाशी झाली. धूरसुद्धा विरला. हमालांनी हटकलं, आम्ही दंडाला धरून ओढलं, तो जागचा हलेना. शेवटी बाप चाबूक घेऊन आत आला.

"ऊठ रं. बैलं खोळंबलीत."

बापू म्हणाला, "मला मास्तरनी बसवलंय."